लहान घरांतलें दप्तर

श्रावणांतल्या एखाद्या सोमवारीं कपिलधारला जाणें हा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. बीडहून मांजरसुंब्याकडे येऊन बालाघाटच्या डोंगरांत वळलें म्हणजे आधीं पाण्याचा आवाज येतो आणि मग मन्मथस्वामींच्या समाधीचें देऊळ दिसतें. वीरशैव संप्रदायाच्या या थोर संताच्या दर्शनास कार्तिकांत गांवोगांवच्या दिंड्या येतात. आम्ही मात्र पावसाळ्यांतले पाहुणे. कड्यावरून कोसळणारी ती धार पाहिली म्हणजे त्या वर्षींचा पाऊस कसा झाला हें कोणास विचारावें लागत नाहीं. धार जाड असली तर आमचे थोरले काका गालांतल्या गालांत हंसतात. बारीक असली तर मुकाट्यानें परत फिरतात.

परंतु काका केवळ धार पाहून समाधान मानणारे नव्हेत. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळला, तेव्हां त्यांनीं शेतावरच्या घराच्या अंगणांत एक साधा पर्जन्यमापक बसविला. तेव्हांपासून रोज सकाळीं साडेआठ वाजतां नळींतलें पाणी मोजावयाचें आणि तो आंकडा वहींत लिहावयाचा, हा त्यांचा नेम झाला. साडेआठ ही वेळ कांहीं त्यांच्या मनची नव्हे. हवामान खात्याची पावसाच्या मोजणीची वेळ तीच. घरांत लग्न असो कीं सुतक असो, काकांची नोंद चुकली नाहीं. ते परगांवीं असत तेव्हां काकू मोजीत आणि आपल्या वळणदार अक्षरांत आंकडा लिहीत. अशा नऊ वह्या आमच्या माजघरांतल्या फडताळांत आहेत. घरच्या दागिन्यांची यादी कोणास पाठ नसेल, पण त्या वह्या कोठें आहेत हें लहान मुलांसहि ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वीं काकांच्या डोळ्यांनीं दगा दिला. नळीवरच्या बारीक रेघा दिसेनात, आणि काकूंचे गुडघेहि अंगणापर्यंत जाऊं देईनात. आमचा पुतण्या पुण्यास लहान यंत्रांसाठीं आज्ञावली लिहिण्याचें काम करतो. तो म्हणाला, "आजोबा, मी तुम्हांला एक यंत्र करून देतों. तें रात्रंदिवस मोजील आणि स्वतःच लिहील." काकांनीं बराच विचार केला आणि होकार दिला. पन्नास वर्षांचा नेम दुसऱ्याच्या हातीं सोपविणें म्हणजे काय, हें त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांस त्या दिवशीं कळलें.

यंत्राची रचना साधी होती. नरसाळ्यांतून आलेलें पाणी एका झुलत्या पळींत सांठतें. पळी भरली कीं कलंडते, आणि तिच्या कलंडण्याची खूण आंत पोंचते. दर पंधरा मिनिटांत पळी किती वेळां कलंडली तें तारीख-वेळेसह एका ओळींत लिहावयाचें. ओळ २४ बाइटांची. दिवसाच्या ९६ ओळी. या हिशेबानें वर्षाचा सारा पाऊस एका मेगाबाइटांतहि मावतो. आंत लिहिण्यासाठीं ४ मेगाबाइटांची फ्लॅश स्मृति होती, आणि काम करण्यासाठीं रॅम अवघी ३२ किलोबाइट. वाचकांच्या सोयीसाठीं आम्ही फ्लॅशला वही म्हणूं आणि रॅमला पाटी म्हणूं. कारण वीज गेली तरी पहिलींतलें लिखाण राहतें आणि दुसरींतलें पुसलें जातें.

दोन पावसाळे सुरळीत गेले. गेल्या वर्षीं ऑगस्टांत एका रात्रीं विजांचा कडकडाट होऊन वीज गेली. आंतली बॅटरीहि क्षीण झाली होती, म्हणून यंत्र बंद पडलें आणि सकाळीं वीज येतांच आपोआप सुरू झालें. कोणास कांहींच कळलें नाहीं. अकरा दिवसांनीं पुतण्या सुटीवर आला, त्यानें यंत्रांतली वही उघडली, आणि तो जागच्या जागीं बसला. वहींत केवळ शेवटचे अकरा दिवस होते. जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट जणूं आलेच नव्हते.

काका रागावले नाहींत. त्यांनीं एकच प्रश्न विचारला. "अरे, माझ्या वहीवर पाणी सांडलें तर एक पान फुगतें, मागचीं पानें तशींच राहतात. तुझ्या यंत्रांत एक ओळ लिहितांना दिवा गेला, तर सगळी वही कशी जाते?"

आम्हांस वाटतें, या विद्येंतील पंडितांनीं वर्षानुवर्षें ज्यावर डोकें शिणविलें तो प्रश्न हाच होय. फायली कोठें ठेवाव्या, कशा शोधाव्या, लिहितां लिहितां अडथळा आला तर काय करावें, हें सर्व ठरविणाऱ्या व्यवस्थेस 'फाइल सिस्टिम' म्हणतात. आम्ही तिला दप्तर म्हणतों. पुतण्यानें यंत्रांत जें दप्तर घातलें होतें तें 'फॅट' नांवाचें, १९७७ सालापासूनचें, मुळांत फ्लॉपी चकत्यांसाठीं जन्मलेलें. तें इतकें आटोपशीर आहे कीं लहानांत लहान यंत्रांत सहज मावतें. त्याच्या आरंभीं एक कोष्टक असतें. कोणती फाईल कोणकोणत्या पानांवर आहे हें तें सांगतें. सावधगिरी म्हणून त्या कोष्टकाच्या दोन प्रती ठेवतात.

आतां फ्लॅशच्या वहीची एक खोड आहे. तींत लिहिलेली एक ओळ वेगळी खोडून पुन्हां लिहितां येत नाहीं; पुसावयाचें तर सबंध पान पुसावें लागतें. आमच्या यंत्रांत पान ४ किलोबाइटांचें होतें, आणि जागा लहान असल्यामुळें कोष्टकाच्या दोनहि प्रती त्याच पहिल्या पानावर आल्या होत्या. घराच्या दोन किल्ल्या एकाच जुडग्यांत ओंवाव्या, तसा हा प्रकार. दर पंधरा मिनिटांनीं तें पान पाटीवर उतरावें, वहींतलें पुसावें आणि सुधारून पुन्हां लिहावें, असें चाललें होतें. पुसणें झालें आणि लिहिणें व्हावयाचें होतें, नेमक्या त्या क्षणीं वीज गेली. मागचीं पानें जागेवर होतीं. अनुक्रमणिका मात्र कोरी झाली होती. सकाळीं यंत्र जागें झालें, त्यास वाटलें कीं वही नवीनच आहे, आणि त्यानें पहिल्या पानापासून लिहावयास सुरुवात केली. नव्या अकरा दिवसांच्या खालीं जुने पहिले अकरा दिवस गाडले गेले.

पुतण्यानें यंत्र पुण्यास नेलें आणि सबंध वही पान न् पान वाचून काढली. प्रत्येक ओळींत तारीख होती म्हणून बाकीचा सारा पाऊस परत लावतां आला. गेले ते १ ते ११ जून. म्हणजे मृगाच्या पहिल्या सरी. शेतकऱ्याच्या घरांत त्या सरींना काय मोल असतें हें सांगावयास नको.

पुतण्यास ही गोष्ट फार लागली. आतां असें दप्तर घालीन कीं पुन्हां हा प्रसंग येणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. आणि तरुण मनाच्या रीतीप्रमाणें त्याची दृष्टि एकदम सर्वांत मोठ्या वाड्याकडे गेली. त्या वाड्याचें नांव झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनीं तो २००१ सालीं बांधावयास घेतला आणि २००५ सालीं तो सर्वांस खुला झाला. आपल्या पुण्याशींहि त्याचा संबंध आहे. केक्यू इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीनें, अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या कामाच्या आधारानें, तें दप्तर २०१० सालीं लिनक्सवर चालवून दाखविलें होतें.

या दप्तराचीं दोन व्रतें आहेत. पहिलें असें कीं, जुन्या लिखाणावर कधीं लिहावयाचें नाहीं. नवें लिखाण नव्या जागीं पुरें करावयाचें, आणि तें पुरें झाल्यावरच 'आतां खरें तें हें' असें वरचें बोट फिरवावयाचें. मध्यें वीज गेली तर जुनें अभंग राहतें. दुसरें व्रत असें कीं, प्रत्येक लिखाणाबरोबर त्याची एक पडताळणी-संख्या वेगळी लिहून ठेवावयाची. वाचतांना ती जुळली नाहीं, तर खोटें लिखाण खरें म्हणून पुढें करावयाचें नाहीं. यांशिवाय त्या वाड्यांत ऐश्वर्यहि पुष्कळ. नुकतेंच मागितलेलें आणि वारंवार मागितलें जाणारें यांचा तोल सांभाळून हाताशीं ठेवणारी एक युक्ति तेथें आहे. तिचें मूळ मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले धर्मेंद्र मोधा आणि त्यांचे सहकारी निम्रोद मेगिद्दो यांनीं २००३ सालीं मांडलें. सारखें लिखाण दोनदां न ठेवण्याचीहि सोय आहे. पण तिच्यासाठीं प्रत्येक तुकड्यामागें सुमारें ३२० बाइट पाटीवर लागतात. एका टेराबाइटाचे १२८ किलोबाइटांचे तुकडे केले तर ते ८३ लाखांहून अधिक होतात, आणि अडीच गिगाबाइट पाटी एवढ्यांतच भरते.

आमच्या यंत्राची पाटी ३२ किलोबाइट! झेडएफएसचा नेहमीचा एक तुकडा १२८ किलोबाइटांचा, म्हणजे सबंध पाटीच्या चौपट. तें दप्तर प्रत्येक वहीवर आपली ओळख चार ठिकाणीं लिहितें. त्या चार प्रतींसच एक मेगाबाइट, म्हणजे आमच्या वहीचा चौथा हिस्सा लागतो. आणि ६४ मेगाबाइटांहून लहान जागेंत तें बिऱ्हाडच करीत नाहीं. पुतण्यानें एक आठवडा खटपट केली आणि हात टेकले.

मोठें दप्तर लहान यंत्रांत बसविण्याचा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रानें पूर्वीं एकदां जवळून पाहिला आहे. रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळ खैराट धनगरवाडा म्हणून एक वाडी आहे. तेथील शाळेंतल्या मुलांच्या हातीं २००७ सालीं 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या चळवळीचे हिरवे-पांढरे संगणक आले. त्या संगणकांत रॅम २५६ मेगाबाइट आणि फ्लॅश १ गिगाबाइट होती, आणि त्यांत जेएफएफएस२ नांवाचें, फ्लॅशसाठींच रचलेलें दप्तर होतें. त्याचा पहिला अवतार स्वीडनच्या अॅक्सिस कंपनींत निघाला. दुसरा २००१ सालीं डेव्हिड वुडहाऊस यांनीं रचला. जुन्यावर न लिहितां नवें पुढें जोडीत जाण्याचें व्रत त्यांतहि आहे, आणि लिखाण आवळून ठेवण्याची सोयहि आहे. परंतु वहींतल्या प्रत्येक तुकड्याची खूण त्यास पाटीवर ठेवावी लागते. म्हणून वही जसजशी मोठी तसतशी पाटी अधिक खर्च होते, आणि सुरू होतांना सारी वही चाळावी लागते. त्या संगणकास तें झेपलें. आमच्या यंत्राची पाटी त्याच्या आठ-हजाराव्या हिश्शाएवढी!

ही सारी हकीकत पुतण्या एका रात्रीं जेवणानंतर सांगत होता. काकू सुपारी कातरीत ऐकत होत्या. मधले शब्द त्यांना कळले नसावे, पण गोष्ट कळली. त्या म्हणाल्या, "वाड्यांत होतों तेव्हां आमच्याकडे साठ पानांची एक पंगत बसे. पुण्याला दोन खोल्यांत गेलों तेव्हां तुझ्या आत्याचें केळवण आठ-आठ पानांच्या पंगती करून उरकलें. वेळ लागला, पण कोणी उपाशी गेलें नाहीं, आणि कोणाच्या उष्ट्या पानावर कोणाला वाढलें नाहीं. घर लहान असेल तर पंगती वाढवाव्या. सोंवळें कशाला सोडायचें?"

पुतण्यानें मान वर करून काकूंकडे पाहिलें. दुसऱ्या दिवशीं तो म्हणाला, "आजीनें सांगितलें तसेंच एक दप्तर आहे."

त्याचें नांव लिटलएफएस. तें २०१७ सालीं आर्म कंपनींतून बाहेर आलें, आणि त्याच्या कर्त्यानें ज्या यंत्रांचें माप डोळ्यांपुढें ठेवलें तें जवळजवळ आमच्याच यंत्राचें आहे : ३२ किलोबाइटांच्या आसपास पाटी, ४ मेगाबाइटांच्या आसपास वही. वही कितीहि वाढली तरी पाटीवर ठरलेल्या मापापलीकडे जागा मागावयाची नाहीं, ही त्याची पहिली अट. मग काम कसें भागतें? पंगतींनीं! वहींतलीं कोणतीं पानें मोकळीं आहेत हें पाहण्यासाठीं तें सारी वही एकदम पाटीवर मांडीत नाहीं. एका बाइटांत आठ पानांची खूण राहते. आमच्या १०२४ पानांसाठीं सबंध यादी केली तर १२८ बाइट लागतील; परंतु १६ बाइटच दिले तर तें एका वेळीं १२८ पानें पाहतें, तेवढ्यांवर काम चालवितें, आणि तीं संपलीं कीं पुढच्या १२८ पानांकडे वळतें. फेऱ्या वाढतात, काम सावकाश होतें. पण पावसास पंधरा मिनिटांची सवड आहे, त्यास घाई कोठें आहे?

झेडएफएसचें पहिलें व्रत मात्र या लहान दप्तरानें सोडलेलें नाहीं. त्याची अनुक्रमणिका दोन पानांच्या जोडीवर असते. एक पान भरलें कीं त्यांतला मजकूर दुसऱ्यावर नव्यानें लिहावयाचा, त्यावर पुढचा अनुक्रमांक आणि पडताळणी-संख्या घालावयाची. हें सर्व पुरें होईपर्यंत पहिल्या पानास हात लावावयाचा नाहीं. वीज गेल्यावर यंत्र जागें झालें म्हणजे दोनहि पानें वाचतें, आणि ज्याची पडताळणी जुळते त्यांतलें नवें तें खरें मानतें. वहीचें अर्धवट भरलेलें शेवटचें पानहि, त्यांत एक ओळ वाढवावयाची असली, तर नव्या जागीं उतरवून घेतलें जातें. हें वाढीव श्रम खरे, पण त्यांचा एक फायदा आहे. अशा फ्लॅशचें एक पान साधारण एक लाख वेळां पुसलें कीं झिजतें. पूर्वींच्या रीतीनें वर्षाला ३५,०४० वेळां एकच पान पुसलें जात होतें. तें तीन वर्षेंहि टिकलें नसतें. आतां तोच भार १०२४ पानांवर सारखा वांटला, तर एकेकाच्या वांट्यास वर्षाकांठीं चौतीस-पस्तीस वेळांच पुसणें येतें.

दुसऱ्या व्रताबाबत तडजोड होती. हें दप्तर अनुक्रमणिकेची पडताळणी ठेवतें, पण फायलींतल्या मजकुराची ठेवीत नाहीं. पुतण्यानें तें काम स्वतःकडे घेतलें. २४ बाइटांच्या ओळींतले ४ बाइट त्यानें पडताळणीसाठीं राखले. आणखी एक नियम त्यानें घातला : वही वाचतां आली नाहीं तर यंत्रानें ती कोरी समजावयाची नाहीं, थांबावयाचें आणि लाल दिवा लावावयाचा. "आजोबांची वही चुकून माझीच समजलों, हा माझा अपराध. दप्तराचा नव्हे," असें तो म्हणाला, तेव्हां आम्हांस त्याचा अभिमान वाटला.

यंदाच्या श्रावणांत कपिलधारचें दर्शन घेऊन आम्ही सारे शेतावर जमलों. पुतण्यानें यंत्र ओसरीवर मांडलें, तें एकसारखें लिहीत राहील असें केलें, आणि विजेची तार काकांच्या हातीं दिली. "आजोबा, मनाला येईल तेव्हां ओढा." काकांनीं तार ओढली. यंत्र पुन्हां सुरू केलें, वही वाचली. पुन्हां ओढली. मुलें मोठ्यानें मोजूं लागलीं. काका कधीं लगेच ओढीत, कधीं बोलतां बोलतां मध्येंच ओढीत, जणूं यंत्रास बेसावध गांठावयाचें होतें. शंभर झाले तेव्हां चहा आला. शंभर वेळांत शेवटची ओळ कधीं होती, कधीं नव्हती. अर्धी ओळ एकदांहि नव्हती, आणि मागच्या एकाहि ओळीस धक्का लागला नव्हता.

मग पुतण्यानें मागच्या दारानें आंत शिरून एका ओळींतला एक आंकडा मुद्दाम बदलला आणि वही वाचण्यास सांगितली. त्या ओळीपाशीं यंत्रानें आंकडा दाखविला नाहीं. 'नोंद विश्वासार्ह नाहीं' एवढेंच दाखविलें. शंभर वेळां तार ओढून जें समाधान काकांच्या मुद्रेवर आलें नव्हतें, तें या तीन शब्दांनीं आलें. "हें बरें," ते म्हणाले. "ठाऊक नाहीं असें म्हणतां येणें मोठें."

आम्ही स्वतः वाड्यांतून बिऱ्हाडांत आलेल्या पिढींतले. झोपाळा गेला, कोठीची खोली गेली, पाहुण्यांची ओसरी गेली. त्यांबद्दल हळहळण्यांत आमचें पुष्कळ आयुष्य गेलें. ओसरीवर बसून तें यंत्र पाहतांना मनांत आलें कीं, वाड्याचें ऐश्वर्य एक आणि वाड्याचा शब्द एक. जागा लागते ती ऐश्वर्याला. नवें सिद्ध झाल्यावांचून जुनें मोडूं नये आणि खोटें खरें म्हणून वाढूं नये, एवढा शब्द पाळण्यास ३२ किलोबाइट पुरतात. आपल्या दोन खोल्यांत तो किती पाळला, हें ज्याचें त्यानें पाहावें.

संध्याकाळीं जुनी वही निघाली, कारण गेल्या वर्षाचे आंकडे तींत उतरावयाचे होते. जूनच्या पानावर पहिले अकरा रकाने रिकामे होते. पुतण्या हळूच म्हणाला, "आजोबा, जवळपासच्या केंद्रावरचे आंकडे मिळतात. ते घालूं का? फारसा फरक नसेल."

काका म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगणांतला पाऊस आपल्या वहींत लिहूं नये."

काकूंनीं चष्मा लावला, लेखणी घेतली, आणि त्या अकरा रकान्यांवरून एक तिरकी रेघ ओढली. काकांनीं सांगितलें तसें तिच्या शेजारीं त्यांनीं लिहिलें : "१ ते ११ जून. पाऊस झाला. नोंद नाहीं."